कॉर्डेलिया की गेंटिंग ड्रीम?

प्रश्न : सासूबाईंसकट पाच जण आहोत, दिवाळीत क्रूझ करायचीय, मुंबईहून कॉर्डेलिया एम्प्रेस घ्यावी की सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम?

उत्तर : बोटच बघायची तर गेंटिंग ड्रीम, २०१६ची आहे, दीड लाख टनांची, मुलं वॉटर स्लाइडवरून खालीच येणार नाहीत. एम्प्रेस १९९०ची, त्याच्या तिसरा हिस्साही नाही, केबिनचं बाथरूम म्हणजे दार लावायचं तर आधी कोपर आत घ्या! पण गोव्याच्या ट्रिपला पासपोर्ट नको, व्हिसा नको, विमानाची पाच तिकिटं नकोत. सासूबाई बरोबर आहेत ना, मग मी एम्प्रेसच म्हणेन. फक्त केबिन खालच्या डेकवर, मधोमध मागा, तिथे हेलकावे कमी लागतात.