एजीएस पेशींवर सुरुवात करताय? आधी स्टॅट१ बघा

प्रश्न असा आहे: "बेळगावात एम.एस्सी. झालंय. पोटाचा कर्करोग आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्यावर पीएचडी करायची आहे. एजीएस पेशींवर सुरुवात चालेल का? बाहेर जावंच लागेल का?"

एजीएस, म्हणजे पोटाच्या कर्करोगातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी. ते नाव वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले.

मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळा, कॉलेज बेळगावात, पीएचडी लांबच्या शहरात. टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप्या प्रथिन लागलं की कर्करोगाची पेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन आणते आणि त्याच टी-पेशीला गप्प करते. हे आधी एजीएसमध्ये दाखवायचं, मग रक्तातून वेगळ्या केलेल्या टी-पेशी तिच्यासोबत वाढवायच्या, असं ठरलं होतं. पहिली पायरीच चढेना. इंटरफेरॉन घालून २४ तास ठेवलं, ४८ तास ठेवलं, मात्रा दुप्पट केली, नवी बाटली मागवली. फ्लोवर (पेशीवरची प्रथिनं मोजणारं फ्लो सायटोमीटर यंत्र) पीडी-एल१ जिथल्या तिथे. असे सात महिने गेले. गाइड सगळ्यांसमोर म्हणाले, "हात बसलेला नाही तुझा. तिकडच्या कॉलेजांत प्रॅक्टिकल होतात कुठे?"

त्या 'तिकडच्या'ने मी रात्र रात्र जागले. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक कमी होते हे खरं, पण सरांनी पिपेट धरायला इतकं नीट शिकवलं होतं की तो आरोप माझ्यावर नव्हे, त्यांच्यावर झाला असं मला वाटलं.

गणपतीला गावी आले. पावसाने लाइट गेलेली, रेंज फक्त पडवीच्या टोकाला. तिथे उभी राहून २००७ सालचा एक शोधनिबंध वाचला. एजीएस पेशींमध्ये पॅराइन्फ्लुएन्झा ५ हा विषाणू मुक्काम ठोकून असतो. पेशी मरत नाहीत, माध्यम गढूळ होत नाही, पण विषाणूचं व्ही प्रथिन स्टॅट१चा नाश करतं. इंटरफेरॉनचा निरोप आत पोचवतो तो स्टॅट१. तोच नाही तर पीडी-एल१ वाढणार कसं?

परत जाऊन पहिल्याच आठवड्यात वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिन आहे की नाही हे पट्ट्यावरून दाखवणारी चाचणी. एमकेएन-४५ या पोटाच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या पेशींमध्ये स्टॅट१चा ठसठशीत पट्टा, एजीएसच्या रांगेत काहीच नाही. एमकेएन-४५वर तोच प्रयोग, त्याच हातांनी, पहिल्या खेपेला जमला. गाइडना ब्लॉट दाखवला. ते म्हणाले, "इतकी वर्षं सगळे एजीएसच वापरतात." हात बसलेला नाही, हे वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

म्हणून सांगते, रोगप्रतिकारक पेशींचं काम एजीएसवर सुरू करू नका. आणि गाइड हाताला दोष देऊ लागले तर वाद न घालता स्टॅट१चा ब्लॉट समोर ठेवा.

एक मात्र आहे. प्रत्येक प्रयोगशाळेतल्या एजीएसमध्ये तो विषाणू असेलच असं नाही. आरएनए विषाणू आहे, आरटी-पीसीआरने कळतं. हेलिकोबॅक्टर हा पोटातला जिवाणू पेशीला चिकटून कॅगए हे प्रथिन आत सोडतो आणि पेशी लांबट होते, तसल्या कामाला एजीएस अजूनही वापरतात. वाढवलेल्या पेशींत नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणी तर दर महिन्याला कराच. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनने तो मरत नाही, आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी नुसत्या त्याच्यामुळेही चेततात.

बाहेर जायचं की नाही, ते प्रयोगशाळेत फ्लो आणि ताज्या बायोप्सी मिळतात का यावर ठरवा. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, आयसीएमआरची संस्था आहे. आधी तिथे जाऊन विचारा. मी विचारलंच नव्हतं.