काचेची नळी आणि ती २० मिनिटं

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. परवा सर्पदंशाच्या पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले. "काहून बसल्या? इंजेक्शन द्या ना!" सीनियर सिस्टरही सगळ्यांसमोर मलाच बोलल्या. ड्यूटीवर जावंसं वाटत नाही.

उत्तर: बाई गं, पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनच्या वावरातून उचलून आणलेले असे पेशंट मी ३२ वर्षं पाहिले. भडका उडतो तो बहुधा त्या २० मिनिटांत. काचेच्या नळीत रक्त घेऊन, नळी न हलवता, आपण ते गोठतं का बघतो. त्यांना वाटतं, आपला माणूस चालला आणि ही नुसती बसली! मी नळी त्यांना दिसेल अशी ठेवायची, घड्याळ दाखवायची. "भाऊ, २० मिनिटांनी दोघं मिळून पाहू. रक्त गोठलं नाही तर विष भिनलं, लगेच औषध लावू. पापण्या जड झाल्या, श्वास लागला, तर तेवढंही थांबणार नाही." आणि त्यांच्यातल्याच एकाला पापण्यांवर लक्ष ठेवायला बसवायची. हाताला काम मिळालं की आवाज खाली येतो.

हात उगारला तर मात्र समजूत घालू नकोस. बाजूला हो, डॉक्टरांना बोलाव, वेळेसकट लिहून ठेव. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे.

सीनियरना ड्यूटी बदलताना एकट्यात गाठ. "ताई, चुकलं तर सांगा, पण पेशंटसमोर नको." मी हे म्हटलं तेव्हा माझे हात थरथरत होते, तरी म्हटलं.

तुझा तो पेशंट कसा आहे, तेवढं कळव.