काजूच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून ई-कॉमर्स कंपनीचा शेअर घ्यायचा का? माझा अनुभव

तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. डिचोलीहून ऑनलाइन काजू विकता, चवथीच्या आधी ऑर्डरी दुप्पट झाल्या आणि आता वाटतंय की हा धंदा इतका जोरात आहे तर गल्ल्यातले दोन-अडीच लाख ई-कॉमर्सच्या शेअरमध्ये घालावेत. मीही ऑनलाइन काजू विकतो; २०२१ मध्ये फोंड्यात बसून अगदी हाच विचार केला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. काय घ्या, काय विका हे सांगणार नाही. डीमॅट वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

माझी चूक अशी. नोव्हेंबर २०२१ मध्ये नुकताच बाजारात आलेला एक शेअर घेतला, नाव घेत नाही. दोन लाख चाळीस हजार घातले. ऑफर डॉक्युमेंटमध्ये मी एकच आकडा पाहिला, जीएमव्ही, म्हणजे त्या साइटवरून विकल्या गेलेल्या मालाची एकूण किंमत. तो हजारो कोटींत होता आणि दर वर्षी वाढत होता. मी त्याला कंपनीची विक्री समजलो.

खरं उत्तर माझ्या स्वतःच्या टेबलावर पडलं होतं. त्याच आठवड्यातल्या सेटलमेंटची, म्हणजे विक्रीची साइट आपले पैसे कापून मला देते त्या हिशेबाची, एक ओळ बघा: अर्धा किलो काजू, गिऱ्हाइकाने दिले ६४० रुपये. कमिशन ५८, फिक्स्ड फी ३०, शिपिंग ८६, या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी ३१, टीसीएस (साइटने कापून सरकारकडे भरलेला कर) ६. माझ्या खात्यात ४२९. जीएमव्हीत ही ऑर्डर ६४० म्हणून धरली जाते. कंपनीच्या हिशेबात महसूल फार तर १७४, आणि त्यातलेही ८६ बहुतेक कुरियर आणि गोदामावरच जातात. उरलेल्या ८८ मधून जाहिरात, सवलती, परत आलेले पार्सल, इंजिनियरांचे पगार. दर आठवड्याला हा कागद मी तपासत होतो आणि शेअर घेताना तोच विसरलो. याची चुटपुट अजून जात नाही.

मार्च उजाडला, काजूचा हंगाम सुरू झाला. वाळपईकडचा कारखानदार रोख मागतो, माझी रोकड शेअरमध्ये अडकलेली. भाव घसरत होता. मी ब्रोकरच्या मडगावच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली, लाल रेघ दाखवली आणि म्हणाला, "दादा, आता एव्हरेज करा, क्वालिटी शेअर आहे." म्हणजे पडलेल्या भावाला आणखी घ्या. मी विचारलं, प्रत्येक ऑर्डरमागे कंपनीला सुटतं किती? त्याला ठाऊक नव्हतं. मॅनेजर जेवायला गेले होते, तीनपर्यंत थांबलो, ते आलेच नाहीत. शेवटी एप्रिलमध्ये १ लाख ३१ हजाराला सगळं विकलं, आणि तेवढ्यात भागेना म्हणून उरलेला माल उधारीवर, किलोमागे चाळीस रुपये जास्त देऊन उचलला. शेअर पडतात, त्याचा राग नाही. हंगामाचे पैसे तिथे घातले हे माझं चुकलं. पण दलाली घेणाऱ्या ऑफिसात एका माणसाला तरी धंदा कळायला हवा होता, याचा राग आहे.

आता आकडे वाचण्याबद्दल. आपल्याकडे परदेशी मालकीच्या कंपनीला सहसा स्वतःचा माल ठेवून ऑनलाइन विकता येत नाही, फक्त मार्केटप्लेस, म्हणजे इतरांना माल विकायची जागा, चालवता येतं. म्हणून महसुलात बहुतांशी कमिशन, फी आणि जाहिरातीचे पैसे येतात. हे बदललं की आकडे कसे उड्या मारतात ते झोमॅटोवाल्या इटर्नलमध्ये बघा. परदेशी भागधारणेवर मर्यादा घालून ती भारतीय मालकीची झाली, तिची किराणा घरपोच देणारी ब्लिंकिट स्वतः माल घेऊन विकू लागली, आणि जुलै-सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत महसूल वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ तिप्पट दिसला. कारण आता पुडक्याची पूर्ण किंमत महसुलात येते. नफा मात्र आदल्या वर्षीपेक्षा कमीच होता. नुसती महसुलाची वाढ बघून उडी मारणारा इथे हमखास फसतो. म्हणून मी आधी शंभर रुपयांच्या ऑर्डरमागे कंपनीला किती मिळतात आणि खर्च जाऊन किती उरतात ते बघतो, मगच भाव.

दुसरं, लॉक-इनची, म्हणजे जुन्या भागधारकांवरची शेअर विकायची बंदी संपण्याची, तारीख वहीत लिहून ठेवा. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आला. वर्षाने जुन्या गुंतवणूकदारांचं कुलूप उघडलं आणि त्या आठवड्यात भाव चाळिशीत गेला. पुढे तो कितीतरी वर गेला हेही खरं, म्हणून मी त्या शेअरला वाईट म्हणत नाही. आता प्रवर्तक सोडून इतर जुन्या भागधारकांना ही मुदत सहसा सहा महिन्यांची असते.

थोडं विषयांतर, पण तुमच्या कामाचं: पॅक केलेला बॉक्स वजनकाट्यावर ठेवून फोटो काढत जा. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ५००० ने भागतात आणि जे जास्त भरेल ते वजन लावतात. कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांना मी मोठा खोका वापरायचो, वर्षभर जादा पैसे भरले. आणि टीसीएसचे पैसे जीएसटी पोर्टलवर क्लेम केले की कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या तुमच्या खात्यात, जमा होतात, ते करायला विसरू नका. मी सात महिने विसरलो होतो.

माझं मत विचाराल तर मे संपेपर्यंत, हंगाम सरेपर्यंत, गल्ल्याला हात लावू नका. पण घर तुमचं, हिशेब तुमचा. गेल्या महिन्याचा सेटलमेंटचा कागद काढा, शंभर रुपयांमागे तुमच्याकडून किती कापले गेले ते इथे लिहा. मग त्या कंपनीचा तिमाही निकाल शेजारी ठेवून बघू.