तो गाजलेला चित्रपट मला का आवडला नाही?

चित्रपटविषयक वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: सगळ्या जगाला आवडलेला चित्रपट मला आवडला नाही, किंवा सगळ्यांनी नाकं मुरडलेला मला आवडतो. यात चूक-बरोबर ठरवायला आम्ही बसलेलो नाही. तुमचं मत चित्रपटातल्या नेमक्या कुठल्या जागेवर उभं आहे, तेवढं शोधायला मदत करता येईल. जागा सापडली की मत बदलतंच असं नाही, पण ते पक्कं होतं.

प्रश्न : ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. आम्ही पाऊण तासात पेंगायला लागलो. कॅमेरा जागचा हलत नाही, कोणी आवाज चढवत नाही. यात ग्रेट काय आहे? (एक वाचक, नाशिक)

कंटाळा आला असेल तर तो आला, त्यासाठी कुणाची माफी मागायला नको. पण तो नेमका कशाचा आला ते पाहू.

चैतन्य ताम्हाणेंच्या या चित्रपटात (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी रोवलेला आहे. नेहमीच्या कोर्टपटात वकील बोलला की वकिलाचा चेहरा, आरोपी दचकला की आरोपीचा चेहरा, म्हणजे कुठे बघायचं ते संकलक ठरवून देतो. इथे ते काम तुमच्यावर सोपवलंय. तुम्ही फक्त बोलणाऱ्याकडे बघत राहिलात तर दहा मिनिटांत कंटाळा येणारच, कारण बोलणं मुद्दामच कोरडं ठेवलंय: कलमं, तारखा, पुढची तारीख. नजर बाकांवर न्या. आपला पुकारा कधी होतो याची वाट बघत बसलेली माणसं, कागद चाळणारे कर्मचारी, आत-बाहेर करणारे वकील यांच्याकडे बघा. खटला आहे नारायण कांबळे या लोकशाहिरावर. त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. एवढा विलक्षण आरोप इतक्या सपाट आवाजात वाचला जातो, आणि सभोवतालच्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही. चित्रपटाचा सगळा राग त्या सपाटपणात आहे.

दुसरी गोष्ट. कोर्टाबाहेर जाणारी दृश्यं भरतीची वाटतात, पण खरा चित्रपट तिथेच आहे. बचावाचा वकील विनय व्होरा सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घेतो, गाडीत जॅझ ऐकतो. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते आणि सुटीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीयांची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह खदखदून हसतं. हीच बाई सोमवारी कोर्टात उभी राहून कांबळेच्या जामिनाला विरोध करणार. एका दृश्यात बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुकारूनही ऐकत नाहीत. जेमतेम मिनिटभराचं दृश्य आहे, पण त्यानंतर ‘कायद्यापुढे सगळे समान’ हे वाक्य पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

पुन्हा अख्खा बघू नका. सुटी लागते आणि कोर्टाचं दालन रिकामं होतं तिथून बघा. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळोखात तसाच राहतो. चित्रपट संपला असं वाटतं, पण संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेताना दिसतात. तो शेवटचा तुकडा रात्री जेवून अंथरुणात नको, दिवसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा.

एवढं करूनही नाही आवडला, तर तक्रार करायला रास्त जागा आहे. काळोखाच्या त्या लांब शॉटवर चित्रपट थांबला असता तर आघात अधिक खोल झाला असता, कारण पुढचा सहलीचा भाग सगळा भार एकट्या न्यायाधीशावर टाकतो आणि व्यवस्था थोडी सुटून जाते, असं आमचंही मत आहे. ‘कंटाळवाणा आहे’ म्हणण्यापेक्षा असं म्हणा. मग तुमच्याशी वाद घालायला समोरच्यालाही चित्रपट नीट बघावा लागेल.

प्रश्न : ‘सैराट’चा पूर्वार्ध मी कितीही वेळा बघू शकते. मध्यंतरानंतर मात्र रटाळ होतो. मैत्रिणी म्हणतात, तुला कळलाच नाही. (एक वाचक, पंढरपूर)

तुम्हाला कळलाय. तुम्हाला जे जाणवलं, ते दिग्दर्शकाने घडवून आणलंय. चारही गाणी आर्ची आणि परश्या पळून जाण्याआधी संपतात. त्या भागात करमाळ्याचा परिसर, विहीर, ऊस, संथ गतीत धावणारा परश्या आणि त्याच्या मागे पाश्चात्त्य वाद्यवृंद. हैदराबादला पोहोचल्यावर गाणी बंद. वस्तीतली पत्र्याची खोली, घाण, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी. संगीताच्या आधाराने इथवर आलेल्या प्रेक्षकाचा आधार काढून घेतला की पहिला अर्धा तास रिकामा वाटतो. आर्चीलाही तेच वाटतंय. पाटलाची पोर, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, तिला त्या खोलीत श्वास घेता येत नाही. हा बदल पुढच्या वेळी कानाने टिपा: पूर्वार्धात संगीताशिवाय सलग किती वेळ जातो आणि उत्तरार्धात किती, हे घड्याळ लावून मोजा.

आणि मग शेवट. रक्ताने भरलेली लेकराची पावलं आणि पूर्ण शांतता. या शांततेची किंमत त्या गाण्यांनीच आधी मोजलेली आहे. पूर्वार्ध इतका सुरेल नसता तर ही शांतता फक्त शांतता वाटली असती.

उत्तरार्धात कच्चं आहे ते परश्याच्या संशयाचं प्रकरण. तो संशय घेतो, हात उगारतो, ती निघून जाते, परत येते, तोवर तो जीव द्यायला निघालेला. इतकी मोठी उलथापालथ भरभर उरकलीय. जवळपास तीन तासांच्या चित्रपटात याच जागेला वेळ कमी पडावा हे खटकतं. मैत्रिणींना हे सांगा.

जाता जाता: ‘सैराट’वरूनच केलेला हिंदी ‘धडक’ (२०१८) नावडण्याचं कारण अनेक जण कलाकारांवर ढकलतात. मुख्य फरक शेवटात आहे. तिथे मूल आणि नवरा जातात, मुलगी वाचते. ‘सैराट’मध्ये मूल उरतं आणि आईबापांपर्यंत चालत जातं. बघणारा डोळा बदलला की अर्थ बदलतो.

प्रश्न : ‘शोले’च्या शेवटी पोलिस येऊन ठाकूरला थांबवतात, ते मला कायम पुचाट वाटलं. मामा म्हणतात, खरा शेवट वेगळाच होता. (एक वाचक, अकोला)

मामांचं बरोबर आहे. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार करतो. चित्रपट लागला १५ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणी जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला मान्य नव्हतं. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि पोलिस आले. २०२५ साली इटलीतल्या बोलोन्या इथल्या महोत्सवात मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली.

तुम्हाला तो शेवट पुचाट वाटला, कारण आधीच्या तीन तासांची मांडणी दुसऱ्याच शेवटाकडे चाललेली होती. हात तोडलेला माणूस पायांनी लढणार, हे प्रेक्षकाच्या मनात पक्कं बसवलेलं आहे. ऐनवेळी बाहेरून कोणीतरी येऊन त्याला समजावतं आणि तो ऐकतो. कथेला लावलेलं ठिगळ प्रेक्षकाला कारण माहीत नसतानाही जाणवतं, याचं हे उत्तम उदाहरण.

कुठलाही जुना चित्रपट नावडला की आधी ही चौकशी करा: मी बघितलेली प्रत पूर्ण होती का? लांबी ताडून बघा. वाहिनीवर जाहिरातींना जागा करून बसवलेल्या प्रतीत गाणी आणि विनोदी प्रसंग सर्रास उडवलेले असतात. शंका आली तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा पहिला फलक थांबवून बघा. पूर्वीच्या प्रमाणपत्रांवर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते, म्हणजे ४००० मीटरचा चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा. तुमची प्रत १२० मिनिटांची निघाली तर बराच चित्रपट तुम्ही पाहिलेलाच नाही.

प्रश्न : नवीन ४३ इंची टीव्हीवर प्रभातचे चित्रपट लावले. माणसं जाडी आणि बुटकी दिसतात. नवे चित्रपट मालिकांसारखे दिसतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. टीव्ही खराब आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

टीव्ही चांगला आहे, त्याच्या सेटिंग्ज चुकीच्या आहेत. तिन्ही तक्रारींची कारणं निरनिराळी आहेत.

जाडी माणसं: ‘संत तुकाराम’च्या (१९३६) काळातली चौकट जवळपास चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमचा पडदा १.७८ पट. टीव्ही चित्र ताणून पडदा भरतो, त्यामुळे प्रत्येक चेहरा ३० टक्के रुंद होतो. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ निवडा. दोन्ही बाजूंना साधारण ११-११ सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या येतील. त्या तशाच राहू द्या. पट्ट्या नकोत म्हणून ‘झूम’ केलंत तर वरखालचं २३ टक्के चित्र कापलं जातं. तुकोबांच्या डोक्यावरचं आभाळ आणि पायाखालची जमीन दोन्ही जातात, आणि दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात दोन्हींना काम आहे. काही अपलोड केलेल्या प्रती मुळातच ताणलेल्या असतात. तिथे टीव्ही काही करू शकत नाही, दुसरी प्रत शोधा. चित्रात बैलगाडीचं चाक आलं की बघा: ते आडवं अंडाकृती दिसलं तर प्रत ताणलेली आहे.

मालिकेसारखं दिसणं: चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत घेतलेला असतो. टीव्ही मधल्या खोट्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतो. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ या नावाखाली ही सोय असते. ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, नसेल तर ‘सिनेमा’. ‘व्हिव्हिड’ नको. कृष्णधवल चित्रपटाला निळसर झाक येत असेल तर रंगतापमान ‘वॉर्म’ करा. नेहमी इथे फसतं: बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग्ज प्रत्येक इनपुटला वेगळी साठवली जातात. टीव्हीतल्या ॲपसाठी बदललीत तरी सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटला जुनीच राहतात, तिथे पुन्हा बदला.

संवाद: नव्या चित्रपटांचा आवाज ५.१ मध्ये, म्हणजे सहा स्पीकरांसाठी, मिसळलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही. ॲपमध्ये आवाजाचे पर्याय उघडून ५.१ ऐवजी ‘स्टिरिओ’ घ्या. टीव्हीत डिजिटल आवाजाचा पर्याय ‘पीसीएम’वर ठेवा आणि ‘क्लिअर व्हॉइस’सारखी सोय असेल तर चालू करा. जुन्या एकमार्गी (मोनो) आवाजाच्या चित्रपटांना उलटं करायचं: ‘सराउंड’ पूर्ण बंद, नाहीतर संवादांना विहिरीतून आल्यासारखा घुमार येतो.

हे सगळं केल्यावर नावडलेल्यांपैकी एखादा चित्रपट पुन्हा लावून बघा.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’ला मुलगा ‘पुरुषांनी साड्या नेसल्या की झाला विनोद’ म्हणतो. काय उत्तर देऊ? (एक वाचक, डोंबिवली)

त्याला सत्तर रुपयांचा धागा दाखवा. धनंजय माने घरमालकाकडून इस्रायलच्या औषधाच्या नावाने पैसे काढतो तो प्रसंग, आणि नंतर मालक ते मागतो तेव्हा त्याला मिळणारं उत्तर. मधे बरंच काही घडून जातं आणि प्रेक्षक ते पैसे विसरतो. विनोद साडीपेक्षा या आठवण करून देण्यात आहे. वसंत सबनीसांच्या संवादांत अशा पेरून ठेवलेल्या जागा ठायी ठायी आहेत. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधली (१९६६). दोन्ही लागोपाठ बघितले तर मराठीत काय घडवलं गेलं ते त्यालाच दिसेल. मात्र बाईच्या वेशातल्या काही प्रसंगांवर आजचा तरुण हसत नसेल तर त्याला ‘विनोद कळत नाही’ म्हणू नका. तेवढी तक्रार त्याची खरी आहे.

प्रश्न : सोसायटीत महिन्यातून एक चित्रपट दाखवतो. नंतरची चर्चा ‘मस्त’, ‘भंकस’ यावर येते आणि भांडणं होतात. (एक वाचक, ठाणे)

आधी परवानगीचं. घरगुती वर्गणीच्या ॲपवरून जाहीर खेळ दाखवायचा हक्क मिळत नाही, तिकीट नसलं तरी. हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या. छोटे निर्माते पुष्कळदा आनंदाने देतात, आणि दिग्दर्शकही गप्पांना येतो.

चित्रपट दोन तासांच्या आतला निवडा, नाहीतर चर्चेला माणसं थांबत नाहीत. संपल्यावर दिवे लगेच लावू नका, श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. मग प्रत्येकाला चिठ्ठी द्या. त्यावर मत लिहायचं नाही, फक्त एक दृश्य लिहायचं: जिथे खुर्चीत पुढे सरकलो, किंवा जिथे घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं पुरतात. चिठ्ठ्या गोळा करून जे दृश्य सर्वांत जास्त वेळा आलं, ते तीन-चार मिनिटांचं पुन्हा लावा आणि चर्चा तेवढ्यावरच घ्या. बहुतेक वेळा एकच दृश्य दोन्ही बाजूंना लिहिलेलं सापडतं. ‘मस्त’वाला आणि ‘भंकस’वाला एकाच जागेबद्दल बोलू लागतात.

तारांकन हवंच असेल तर चर्चेनंतर घ्या, आधी नको. आधी तीन तारे देऊन बसलेला माणूस पुढचा तासभर त्या तीन ताऱ्यांचंच वकीलपत्र घेतो. सूत्रधाराने स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगावं आणि दर महिन्याला सूत्रधार बदलावा. चिठ्ठ्या फेकू नका, फाईलला लावून ठेवा. वर्षभराने तोच चित्रपट पुन्हा दाखवाल तेव्हा उपयोगी पडतील.