पहिल्या फेरीत हरणारी टीम फायनलला कशी गेली?

तुम्ही विचारलंय की दरवर्षी पहिल्याच मॅचला गाशा गुंडाळणारी कॉलेजची फुटबॉल टीम एखाद्या वर्षी एकदम पुढे जाते, ती कशामुळे. आमच्याकडे हे घडलंय आणि मी त्या टीमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर होतो, म्हणून लिहितोय. नशिबाचा वाटा होताच. पण सुतळीचाही होता.

आधी एक सांगतो. कॉलेज फुटबॉलचा सीझन म्हणजे टीव्हीवरच्या लीगसारखा महिनोन्‌महिने चालणारा प्रकार नव्हे. आम्ही खेळलो ती विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरलात की वर्ष संपलं. त्यातून पोरं निवडून पुणे शहर विभागाचा संघ होतो. तो पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक विभागांशी खेळतो, आणि तिथून निवड झाली तर विद्यापीठाची जर्सी. आम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण तिथवर जायची वेळच आली नव्हती. एका वर्षी तर आमचा स्ट्रायकर बारावीची मार्कशीट घरी विसरला, म्हणून त्याला खेळूच दिलं नाही. दहा जण खेळलो, चार गोल खाल्ले, आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला हजर.

२०२२ साली कोल्हापूरचा एक पोरगा एम. कॉम.ला आला. तिकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालमीची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. इकडे आमच्या मैदानाचा निम्मा भाग क्रिकेटच्या नेटने अडवलेला, उरलेल्यात आम्ही, तेही कुणाचा चेंडू डोक्यात बसत नाही ना हे बघत. त्याने दोन दिवस कडेला उभं राहून आमची प्रॅक्टिस पाहिली आणि म्हणाला, "गोल मारायचं मागनं बघू. आदी खायचं बंद करा."

तिसऱ्या दिवशी तो बोहरी आळीतून सुतळीचा गुंडा घेऊन आला. आम्हा चार डिफेंडरांना कमरेला ओळीने बांधलं, दोघांत पंचवीसेक फूट. तो स्वतः मधल्या दोघांपैकी एक. चेंडू उजवीकडे गेला की चौघांनी उजवीकडे सरकायचं, मागे गेला की चौघांनी मागे. मी जरा पुढे पळालो की कमरेला हिसका बसायचा आणि शेजारचा चिखलात आडवा. पहिल्या आठवड्यात सुतळी रोज तुटली. पीडी सर, म्हणजे कॉलेजचे क्रीडा शिक्षक, जिमखान्याच्या पायरीवरून बघत होते, ते एवढंच म्हणाले, "गाठी मारून वापरा, नवीन मागू नका." ऑगस्ट संपेपर्यंत सुतळी काढली तरी कंबर हिसक्याची वाट बघायची.

बाकी फार काही बदललं नाही. फॉरवर्ड तेच होते, म्हणजे यथातथाच. हां, कागदपत्रांची फाइल मात्र एका जबाबदार मुलीकडे दिली. ती कॉलेजची खो-खो कॅप्टन. तिने एकालाही मार्कशीट विसरू दिली नाही.

पहिल्या तीन मॅच आम्ही १-० अशाच जिंकल्या. बघणाऱ्याला झोप आली असेल. सेमीफायनल शिवाजीनगरला, एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर. गोलच झाला नाही, पेनल्टी शूटआउट. आमचा गोलकीपर मुळात हँडबॉलचा, आडवी झेप घ्यायची त्याला भीतीच नाही. समोरच्यांची पाचवी किक त्याने अडवली, आम्ही नाचत मैदानात शिरलो, आणि रेफ्रींनी शिट्टी मारून किक परत घ्यायला लावली. किक बसते त्या क्षणी गोलकीपरचा निदान एक पाय गोलरेषेवर हवा, असा २०१९ पासूनचा नियम आहे, आणि हा गडी दोन्ही पायांनी पुढे आलेला. आम्ही ओरडलो खरे, पण रेफ्री बरोबर होते. दुसऱ्यांदा त्याने डावी टाच रेषेवरच्या चुन्यात दाबून ठेवली आणि त्याच बाजूला झेपावला. चेंडू मनगटाला लागून खांबावर, तिथून बाहेर.

फायनल २-१ हरलो. दोन्ही गोल कॉर्नरवरून खाल्ले, आणि कॉर्नरची प्रॅक्टिस आम्ही केलीच नव्हती, कारण सुतळी बांधून कुणाला उडी मारता येत नाही. तुमच्या टीमने ती चूक करू नये.

कोल्हापूरकराची विभागाच्या संघात निवड झाली. आमची उपविजेतेपदाची ढाल जिमखान्यात कॅरमच्या पावडरीच्या डब्याशेजारी आहे, आणि तिच्या मागे तो गाठी-गाठींचा गुंडा अजून पडलेला असतो.