नेपाळच्या यात्रेत गडबड झाली तर कधी निघायचं, कधी बसून राहायचं

ताई, तुमचे आईबाबा अमळनेरहून गावातल्या मंडळींसोबत मिनी बसने पशुपतिनाथ-मुक्तिनाथला चाललेत आणि सप्टेंबर २०२५ सारखं तिथे पुन्हा पेटलं तर काय, ही तुमची काळजी. भाचा किर्गिझस्तानात एमबीबीएसला आहे, त्याचंही विचारलंय. भुसावळ भागातली मंडळी घेऊन मी बरीच वर्षं नेपाळला जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात्रा रद्द करा असं मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट निघण्याआधीच सगळ्यांशी बोलून ठेवा. पेटण्याआधी दूतावासाने ‘निघा’ म्हटलं तर लगेच निघायचं, आणि एकदा पेटलं की दूतावास सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. घाबरलेली माणसं बहुतेक वेळा नेमकं उलट करतात.

युक्रेनमधल्या आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला सांगितलं होतं की, राहणं गरजेचं नसेल तर विद्यार्थ्यांनी तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. २४ तारखेला युद्ध सुरू झालं आणि हवाई हद्दच बंद झाली. मधले दिवस कितीतरी मुलांचे ‘हजेरी बुडेल, तिकीट महाग आहे’ यातच गेले. भाच्याला हे आवर्जून सांगा. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा मात्र दूतावासाचा सल्ला ‘घरातच थांबा’ हाच होता. त्याची दूतावासाकडे नोंदणी झालीय का, हे आजच फोन करून विचारा.

आता नेपाळ. ८ सप्टेंबरला आंदोलकांवर गोळीबार झाला. ९ ला संसद आणि सिंहदरबार (सरकारचं मुख्य सचिवालय) पेटले, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, त्रिभुवन विमानतळ बंद झालं. १० च्या संध्याकाळी ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे बसून काढायचा काळ फार मोठा नव्हता. पण त्याच दिवसांत पशुपतिनाथाचं दर्शन करून भारताच्या सीमेवरच्या सोनौलीकडे परतणाऱ्या आंध्रच्या यात्रेकरूंची बस जमावाने फोडली, सामान लुटलं. माणसं हॉटेलात होती तोवर ठीक होती, मार रस्त्यावर बसला.

आणि तो रस्ता कसा आहे, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये पोखऱ्याहून काठमांडूला जाताना वरणगाव परिसरातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ माणसं गेली. तेव्हा कुठलंही आंदोलन नव्हतं. दिवसाउजेडी, शांत काळात ही गत, तर अफवा ऐकून रात्री अपरात्री ड्रायव्हरला ‘चल, बॉर्डर गाठ’ म्हणायचं म्हणजे काय, याचा विचार करा. मला दंगलीपेक्षा या पळापळीची जास्त भीती वाटते.

ड्रायव्हरच्या घाईचं आणखी एक कारण असतं, ते कोणी बोलून दाखवत नाही. एमएच १९ ची गाडी असली की सीमेवर भन्सार (भारतीय गाडी नेपाळात नेण्याचं सीमाशुल्क) भरावा लागतो आणि तो ठरावीक दिवसांचाच असतो. मुदत संपली की दंड. मालक इकडून फोनवर ‘निघ, निघ’ करत राहतो. म्हणून हा दंड यात्रेच्या खर्चातच धरून ठेवा आणि गाडी हलवायचा निर्णय मालकाचा नाही, मंडळींचा, हे निघण्याआधी मालकासमोर ठरवून घ्या.

बसून राहायचं तर जागा तशी हवी. काठमांडूत हिल्टनसारखं मोठं हॉटेल जळालं, हे विसरू नका. सरकारी कार्यालयं, पुढाऱ्यांची घरं, पक्षांची कार्यालयं यांच्या जवळ मुक्काम नको. मंदिराच्या बाजूची साधी धर्मशाळा किंवा गल्लीतलं छोटं गेस्ट हाऊस बरं. गेल्या गेल्या मागचा जिना कुठे उतरतो ते पाहून ठेवायचं. इमारतीलाच आग लागली किंवा जमाव आत शिरला, तर थांबायचा नियम तिथेच संपला. जवळच्या दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी जायचं, पण चालत आणि सगळ्यांनी मिळून.

आपल्या यात्रा आचारी आणि शिधा घेऊनच निघतात, ही इथे मोठी जमेची बाजू आहे. त्या शिध्यातून तीन दिवसांचा वेगळा बांधा आणि त्याला एरवी हात लावू नका: कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. बीपी-शुगरच्या गोळ्या दहा-पंधरा दिवस जास्तीच्या घ्या. रोख रक्कम एकाच्या खिशात नको. सोनं घरीच राहू द्या. काकूंना मंगळसूत्राशिवाय जाववत नसेल तर साध्या मण्यांचं घाला म्हणावं.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये इंटरनेट कित्येक दिवस बंद होतं. म्हणून दूतावासाचा, हॉटेलचा आणि घरचा नंबर प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेला हवा. विमानाने जायचं असेल तर १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. बसने जातानाही हेच जवळ ठेवा. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. पासपोर्ट हरवला तर दूतावास परतीपुरता कागद देतो, त्यासाठी झेरॉक्स, फोटो आणि पोलिसांतली तक्रार उपयोगी पडते. मोर्च्याचं, पोलिसांचं, सैनिकांचं शूटिंग करायचं नाही, गच्चीतूनसुद्धा नाही. आपल्यासोबतच्या तरुण पोरांना हे दोनदा सांगावं लागतं. कोणाला अटक झालीच, तर दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. तो मागायचा, पण हुज्जत न घालता.

विमा काढाल तेव्हा दंगल आणि युद्धाचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

घरच्यांसाठी: वीस नातेवाइकांनी वीस फोन करू नयेत. अमळनेरला तुम्ही एकट्याच संपर्कात राहा, रोज एक वेळ ठरवा, बाकीच्यांना तुम्ही कळवा. यात्रेकरूंची नावं, वयं, ओळखपत्रांचे क्रमांक आणि मुक्कामांची यादी आताच करून ठेवा. वेळ आलीच तर जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात तीच द्यायची. टीव्हीवरची दृश्यं पाहून ‘लगेच निघा’ असा फोन मात्र बाबांना करू नका. तिथली गल्ली शांत आहे की नाही, हे त्यांना खिडकीतून तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं.

गाडी कोणत्या मार्गाने जाणार, ड्रायव्हर त्या घाटात आधी चाललेला आहे का आणि मुक्काम कुठे कुठे ठरलेत, तेवढं इथे लिहा. मग काठमांडू आणि पोखऱ्यात कुठे उतरलेलं बरं, ते सांगतो.