आधी काय मोजलं ते लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नौदलाच्या संशोधन जहाजांवरच्या पुस्तकाचा तुझा खर्डा वाचला. जलावतरण, लांबी-रुंदी, तोफा, सगळं टापटीप आहे. पण हे जहाजाचं जन्मटिपण झालं. संशोधन जहाजाने आयुष्यभर मोजलं काय, याचा त्यात पत्ताच नाही.

'आयएनएस किस्तना' तू एका ओळीत उरकलीस. नेमकं तिथेच थांबायला हवं होतं. 1943 साली ब्रिटनमध्ये बांधलेली ही युद्धनौका. काम व्यापारी ताफ्यांना सोबत करायचं आणि पाणबुड्यांवर नजर ठेवायचं. तीच पुढे 1962 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत 26 सफरींवर गेली.

त्या काळी खोल पाण्याचं तापमान कसं घेत, ते बघ. तारेला ठरावीक अंतराने नान्सेन बाटल्या, म्हणजे पाण्याचा नमुना घ्यायच्या झडपांच्या बाटल्या, अडकवून तार खाली सोडायची. मग तारेवरून एक छोटं वजन घसरवायचं. ते आपटलं की बाटली उलटते, झडपा मिटतात, पाणी आत अडकतं आणि खालच्या बाटलीसाठी दुसरं वजन सुटतं. बाटलीसोबत थर्मामीटरही उलटं होतं. नळीच्या अरुंद जागी पारा तुटतो आणि त्या खोलीचं तापमान बाटली वर येईपर्यंत जसंच्या तसं राहतं. हलत्या डेकवर उभं राहून ते अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचायचं! हे लिहिलंस तर वाचक जहाजावर चढेल. तोफांच्या व्यासाने कोणी चढत नाही.

नौदलाला या आकड्यांचं काय? समुद्रात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, गरम पाण्यात थोडा जास्त, आणि तो थंड थराकडे वाकतो. उन्हाने वरचं पाणी तापलं की सोनारचा, म्हणजे ध्वनी सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, ध्वनी खाली वळतो. सकाळी सापडणारी पाणबुडी दुपारी निसटते. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली 'सागरध्वनी' ही संशोधन नौका 1994 पासून कोचीच्या नौदल प्रयोगशाळेसाठी हीच मोजमापं घेते आहे. 2019 पासून 'सागर मैत्री' मोहिमेत तर ती किस्तनाच्याच वाटांवरून पुन्हा फिरते. दोन्ही जहाजांची प्रकरणं वेगळी करू नकोस.

पुण्यात बसून समुद्रावर काय लिहिणार, असं तू विचारलंस. अगं, पाषाणची हवामानशास्त्र संस्था सुरू झाली तीसुद्धा 1962 सालीच. मान्सूनचं कोडं समुद्राला वगळून सुटत नाही, हे इथल्या हवामानवाल्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. सिमला ऑफिसात, म्हणजे पुण्यातल्याच हवामान खात्याच्या कचेरीत, जाऊन चौकशी कर. नम्रपणे, आणि जेवणाची सुट्टी टाळून.

तोफा परिशिष्टात टाक. दुसरा खर्डा दिवाळीआधी दे, नंतर घरी पाहुणे आहेत.

तुझा,
काका